ज्यांची कार्डेच छापली गेली नाहीत : संगणकावरचे बेसबॉल आणि 'मेरिट'चा हिशेब

अमेरिकेतल्या बेसबॉल चाहत्यांचा एक जुना छंद आहे. वेगवेगळ्या काळातले दोन गाजलेले संघ घ्यायचे, त्यांची आकडेवारी संगणकात भरायची आणि सामना लावून पाहायचा. १९२७ चे न्यू यॉर्क यांकीज आणि १९७५ चे सिनसिनाटी रेड्स समोरासमोर आले असते तर कोण जिंकले असते? १९२७ चे यांकीज आणि १९९८ चे यांकीज? क्लब एकच, मध्ये ७१ वर्षांचे अंतर. मेलेली माणसे मैदानात उतरू शकत नाहीत, पण त्यांचे आकडे उतरू शकतात, अशी ही कल्पना.

बेसबॉलशी आपला काय संबंध, असे काही मित्र विचारतील. संबंध आहे. आरक्षणाचा विषय निघाला की आपल्यासमोर 'मेरिट' नावाचा दगड ठेवला जातो. मेरिट म्हणजे मोजता येणारी, जात न पाहणारी, निखळ गुणवत्ता. या गुणवत्तेची मोजणी पूर्णपणे यंत्राच्या हाती दिली तर काय होते, ते पाहायला या खेळाइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे सापडलेले नाही. यंत्राला चामडीचा रंग दिसत नाही. तरीही त्याच्या निकालात साठ वर्षांचा वर्णभेद जसाच्या तसा उतरतो.

आधी यंत्र कसे चालते ते समजून घेऊ. १९६१ मध्ये हाल रिचमन नावाच्या तरुणाने 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा खेळ बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड. त्या खेळाडूने हंगामात किती फटके मारले, किती होमरन काढले, किती वेळा बाद झाला, यावरून कार्डावर शक्यता छापलेल्या. तीन फासे टाकायचे. एक फासा ठरवतो की निकाल फलंदाजाच्या कार्डावर बघायचा की पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या. उरलेले दोन फासे निकाल सांगतात. आजचा संगणक मुळात हेच करतो, फक्त एक सामना हजार वेळा खेळवून सरासरी काढतो.

पण काळ बदलला की खेळ बदलतो. १९२० पूर्वी चेंडू मऊ असे, होमरन दुर्मीळ असत. पुढे चेंडू बदलला, रात्रीचे सामने आले, प्रवास रेल्वेऐवजी विमानाने होऊ लागला. मग १९१० चा फलंदाज आणि १९९० चा फलंदाज एका तराजूत कसे घालायचे? यावर तोडगा असा काढला गेला की खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःच्या काळातल्या सरासरीशी करायची. आपल्या काळातल्या सर्वसाधारण खेळाडूपेक्षा तो किती वर होता, तेवढे त्याचे मोल. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटते. पण ही सरासरी कोणाची, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

१९२७ चे यांकीज बहुतेक याद्यांत सर्वकालीन श्रेष्ठ संघ म्हणून येतात. ११० विजय, ४४ पराभव. बेब रूथचे ६० होमरन, लू गेरिगचे ४७. त्या वर्षी रूथ एकटा अमेरिकन लीगमधल्या इतर प्रत्येक संघाच्या एकूण होमरनपेक्षा पुढे होता. आकडे खरे आहेत आणि रूथ मोठा खेळाडू होता यात शंका नाही. मात्र ज्या पिचरांविरुद्ध त्याने ते ६० मारले, त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. तशी परवानगीच नव्हती.

ही बंदी कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोकडून मोठ्या लीगमध्ये खेळला होता. १४ जुलै १८८७ रोजी शिकागोचा कर्णधार कॅप अ‍ॅन्सन याने नुवर्कच्या संघात जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर असेल तर आपण मैदानात उतरणार नाही असे बजावले. त्याच दिवशी नुवर्क ज्या लीगमध्ये खेळत होते, त्या लीगच्या मालकांनी ठरवले की यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत. मोठ्या लीगमध्ये तर तेवढाही ठराव झाला नाही. 'सभ्य गृहस्थांची समजूत' एवढ्यावर काम भागले. १९४२ मध्ये बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस जाहीरपणे म्हणाले की असा कुठलाही नियम नाही. खरेच नव्हता. आपल्या गावच्या विहिरीवर तरी कुठे पाटी लावलेली असे?

आता तो संगणकावरचा सामना पुन्हा पाहा. १९९८ च्या यांकीजमध्ये डेरेक जीटर, बर्नी विल्यम्स, पनामाचा मारियानो रिव्हेरा, टिम रेन्स, डॅरिल स्ट्रॉबेरी. १९७५ च्या रेड्समध्ये जो मॉर्गन, टोनी पेरेझ, जॉर्ज फॉस्टर, केन ग्रिफी. संगणक यांना रूथ-गेरिगसमोर बिनदिक्कत उभे करतो. प्रत्यक्षात, उद्या कालयंत्र निघाले आणि हे संघ १९२७ मध्ये जाऊन पोहोचले, तर सामना सुरूच होणार नाही. निम्म्या खेळाडूंना फाटकातून परत पाठवले जाईल.

आणि समोरासमोर येण्यासाठी कालयंत्र लागू नये असे संघही त्याच वर्षी होते. रूब फॉस्टर यांनी १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीत 'नीग्रो नॅशनल लीग' स्थापन केली होती (नाव त्या काळाचे आहे, म्हणून तसेच ठेवतो). ऑक्टोबर १९२७ मध्ये यांकीजनी पिट्सबर्ग पायरेट्सचा ४-० असा धुव्वा उडवून 'वर्ल्ड सिरीज' जिंकली. त्याच ऑक्टोबरात कृष्णवर्णीयांच्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो अमेरिकन जायंट्सनी अटलांटिक सिटीच्या बाखारख जायंट्सना हरवले. त्यानंतर हे दोन विजेते एकमेकांशी खेळले नाहीत. आज चाहते १९२७ विरुद्ध १९९८ चा सामना कल्पनेत लावतात. १९२७ विरुद्ध १९२७ सुद्धा कल्पनेतच लावावा लागतो.

तो लावायचा तरी कसा? कार्डे हवीत, आणि कार्डांसाठी नोंदी हव्यात. गोऱ्या लीगच्या प्रत्येक सामन्याची वही ठेवलेली होती. कृष्णवर्णीय संघ लीगचे साठ-सत्तर सामने खेळत आणि पोट भरण्यासाठी उरलेले वर्ष गावोगाव फिरून जे मिळतील ते सामने खेळत. त्यांतल्या बहुतेकांची नोंदच नाही. ज्या सामन्यांची नोंद राहिली, ती प्रामुख्याने 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरियर' अशा कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या साप्ताहिकांमुळे. पुढे संशोधकांनी जुन्या अंकांमधले धावफलक एकेक करून जुळवले आणि त्यांतून आकडेवारी उभी राहिली. फॉस्टर यांच्या त्या बैठकीच्या दोन आठवडे आधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला होता. स्वतःचे पत्र नसेल तर स्वतःचा धावफलकही उरत नाही, हे दोन्हीकडच्या लोकांना एकाच वेळी उमगलेले दिसते.

१९६९ मध्ये कोणत्या लीग 'मेजर' मानायच्या ते ठरवायला एक समिती बसली. तिने सहा लीगना मान्यता दिली. अल्पकाळ चाललेल्या, आज कोणाला आठवतही नाहीत अशा लीग त्यांत आल्या, पण नीग्रो लीगचा विचारही झाला नाही. खेळ बनवणाऱ्यांनी मग त्याच यादीवरून कार्डे छापली. स्ट्रॅट-ओ-मॅटिकचा नीग्रो लीगच्या खेळाडूंचा संच निघायला २००९ उजाडले.

म्हणजे जवळजवळ अर्धे शतक अमेरिकेतली मुले घरात बसून 'सर्वकालीन श्रेष्ठ' संघ लढवत होती आणि त्यांच्या डब्यात जॉश गिब्सनचे कार्डच नव्हते. सॅचेल पेजचे मिळाले, तरी ते चाळिशी उलटल्यानंतरच्या पेजचे मिळणार. पेजला मोठ्या लीगमध्ये प्रवेश मिळाला तो १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. त्या अर्ध्या हंगामातही त्याने सहा सामने जिंकले आणि फक्त एक गमावला. पंचविशीतल्या पेजला मोजणारे कार्ड कुठून आणणार?

मुष्टियुद्धात तर याहून कडेलोट झाला. १९६७ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमासाठी संगणकावर सर्वकालीन हेवीवेट विजेत्यांची स्पर्धा घेतली गेली. त्यात मुहम्मद अली जिम जेफ्रीजकडून हरल्याचे दाखवले. हा जेफ्रीज म्हणजे विजेतेपदी असताना कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनशी लढायला नकार देणारा माणूस. १९१० मध्ये तो अखेर जॉन्सनसमोर उभा राहिला आणि हरला. जे टाळले तेच त्याच्या खात्यात 'अपराजित' म्हणून जमा झाले होते, आणि यंत्राने ते खाते खरे धरले. अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. बरोबर केले.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, नीग्रो लीगची आकडेवारी तोकडी आहे. हा आक्षेप खरा आहे आणि आपण तो झटकून टाकू नये. १९४३ मध्ये गिब्सनची फलंदाजीची सरासरी ०.४६६ होती, पण ती सत्तरपेक्षा कमी सामन्यांतली. थोड्या सामन्यांत आकडा फुगू शकतो, त्यामुळे त्या कार्डावरचा गिब्सन प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटू शकतो. मात्र हंगाम तोकडा का होता, तेही सांगा. मैदाने गोऱ्या मालकांची. यांकी स्टेडियम १९३० पासून कृष्णवर्णीय संघांना भाड्याने मिळू लागले, तेही यांकीजना सोयीच्या तारखांना. भाडे चालत होते, माणूस चालत नव्हता.

दुसरा आक्षेप, समोरची स्पर्धाच कमकुवत होती. हा मात्र निव्वळ पूर्वग्रह आहे आणि त्याचे उत्तर गोऱ्या लीगच्याच वहीत आहे. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला. त्यानंतर १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार नऊ वेळा कृष्णवर्णीयांना मिळाला : रॉबिन्सन एकदा, रॉय कॅम्पानेला तीनदा, विली मेज, डॉन न्यूकम, हँक आरॉन आणि एर्नी बँक्स दोनदा. हे सहाही जण नीग्रो लीगमधून आलेले होते. तेव्हा संघांमध्ये कृष्णवर्णीय अजून मूठभरच होते. बॉस्टन रेड सॉक्सने तर पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९५९ मध्ये उतरवला. एवढ्या मूठभरांनी अकरापैकी नऊ पुरस्कार नेले, तर १९२७ च्या लीगची 'सरासरी' किती खरी होती? दार बंद केले की आतल्यांची सरासरी खाली राहते आणि आतला श्रेष्ठ माणूस आहे त्याहून उंच दिसतो. स्पर्धेच्या दर्जाची शंका गिब्सनबद्दल घेतली जाते, तीच रूथबद्दल आधी घ्यायला हवी होती.

आपल्याकडे पळवणकर बाळूंचे उदाहरण याच जातीचे आहे. चांभार समाजातले हे डावखुरे फिरकी गोलंदाज पुण्यात साहेबांना सराव देत तयार झाले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. हिंदू संघाला त्यांचे बळी हवे होते, पण कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा, त्यामुळे कसोटीच्या आकड्यांवर चालणाऱ्या कुठल्याही 'सर्वकालीन भारतीय संघा'त बाळू सापडणार नाहीत. (१९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, हेही खरे. त्याने त्यांचे बळी कमी होत नाहीत.) फरक इतकाच की बाळूंना खेळवून वगळले आणि गिब्सनला खेळूच दिले नाही. १९४६ च्या उन्हाळ्यात रॉबिन्सन माँट्रियलच्या दुय्यम संघात खेळत होता, तेव्हाच बाबासाहेबांचा आणि डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांचा पत्रव्यवहार झाला. अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतले साम्य बाबासाहेबांनी त्यात नोंदवले आहे.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या सात नीग्रो लीगना 'मेजर' दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदीत मिसळली. गिब्सनची कारकिर्दीची सरासरी ०.३७२, म्हणजे टाय कॉबच्या ०.३६७ पेक्षा वर, आणि तो सर्वकालीन यादीत पहिला आला. गिब्सन स्वतः २० जानेवारी १९४७ रोजी, रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी, ३५ व्या वर्षी वारला होता.

आकडे आत घेतले, पण संस्था गेल्या. रॉबिन्सनला कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून नेताना डॉजर्सच्या ब्रँच रिकीने त्या क्लबला एक डॉलरही दिला नाही. पुढे एकेक करून चांगले खेळाडू असेच गेले आणि कृष्णवर्णीयांचे स्वतःचे संघ, व्यवस्थापक, त्यांच्या भोवतीचे धंदे बसले. गोऱ्या क्लबांनी खेळाडू घेतले. मालक किंवा व्यवस्थापक मात्र घेतले नाहीत. पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ मध्ये आला. २०२४ च्या हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या लीगमधल्या खेळाडूंत कृष्णवर्णीय अमेरिकनांचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते.