परिचारिकेची पिशवी

दिवाळी आली की घरोघर याद्या होतात. रवा, बेसन, खोबरे, पणत्या, मुलांचे कपडे. गेल्या दिवाळीत माझ्या बहिणीच्या घरी मात्र एकाच दिव्याखाली दोन याद्या पडल्या होत्या. एक नेहमीची. दुसरी माझ्या भाचीची. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि सुट्टी संपताच तिला सामानसुमान घेऊन वसतिगृहात हजर व्हायचे होते.

ती यादी मी वाचून पाहिली. सेकंदकाटा असलेले, छातीशी टाचण्याचे घड्याळ. थर्मामीटर. स्टेथोस्कोप. रक्तदाब मोजण्याचे यंत्र. बोथट टोकाची कात्री. खिशात मावेल अशी वही. निळ्या आणि तांबड्या शाईची पेने. शरीररचनेचे जाडजूड पुस्तक. शिवाय पांढरा गणवेश आणि चालताना आवाज न करणारे बूट.

दाजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगा, पोरगी नर्स व्हायला चाललीय की डॉक्टर? वेळेवर गोळी द्यायची, चादर बदलायची, याला एवढं सामान कशाला लागतं?"

भाचीचा चेहरा उतरला. मी मास्तर असल्यामुळे काहीतरी उत्तर देणे भाग होते. पण खरे सांगायचे तर मलाही उत्तर ठाऊक नव्हते. मास्तर लोकांना दिवाळीची सुट्टी भरपूर असते. मी पुस्तके काढून बसलो, आणि त्या यादीतील एकेका वस्तूमागे केवढा इतिहास उभा आहे हे पाहून थक्क झालो. दाजींच्या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासातच होते.

प्रथम घड्याळ घेऊ. नाडी पाहणे ही विद्या पुरातन. आपल्या वैद्यांना ती शतकानुशतके अवगत होती. पण नाडी 'मोजणे' ही गोष्ट निराळी. त्यासाठी मिनिटाचे माप हवे. जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज वैद्याने १७०७ साली नाडीच्या घड्याळावर एक ग्रंथच लिहिला. त्याने खास करवून घेतलेले घड्याळ बरोबर एक मिनिट चाले आणि थांबे. तेवढ्या वेळात ठोके मोजायचे. आज भाचीच्या यादीतले घड्याळ हा त्याचाच वंशज. फरक एवढाच, की ते मनगटावर नसते. छातीशी उलटे लटकते. पाहणाऱ्याला ते उलटे, पण ज्या बाईने ते टाचले तिने मान खाली घातली की तिला सुलटे! दोन्ही हात रोग्याच्या सेवेत गुंतलेले असतानाही वेळ दिसावी आणि मनगट वारंवार धुता यावे, अशी ही साधी युक्ती आहे.

थर्मामीटरची कथा त्याहून मौजेची. जर्मनीतील लाइपझिग येथे कार्ल वुंडरलिश या डॉक्टरने सुमारे २५ हजार रोग्यांच्या तापाच्या नोंदी जमवल्या आणि १८६८ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ताप हा स्वतः रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे, आणि निरनिराळ्या रोगांत तो निरनिराळ्या रीतीने चढतो-उतरतो, हे त्याने दाखवून दिले. रोग्याच्या उशाशी टांगलेला तापाचा तक्ता आपण पाहतो, त्याचे महत्त्व जगाला पटले ते या कामामुळे. पण त्या काळचे थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब असे आणि ते काखेत पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवावे लागे! इंग्लंडमधील क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरने १८६६-६७ च्या सुमारास सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारे थर्मामीटर तयार करवले, आणि ही वस्तू खिशात आली. पुढे ती परिचारिकेच्या खिशात गेली. आता तर पारा विषारी म्हणून पाऱ्याची थर्मामीटरे मागे पडत आहेत, आणि भाचीच्या यादीतले थर्मामीटर आकडा दाखवून 'टीं' असा आवाज करणारे आहे.

वही आणि पेन यांवर तर दाजींचा विशेष राग. "शाळा संपली की वह्या संपतात असं वाटलं होतं!" असे ते म्हणाले. पण माझ्या मते त्या यादीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच होय. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव शाळेच्या पुस्तकातून आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिच्या नावे जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० च्या जुलै महिन्यात परिचारिकांची शाळा सुरू झाली. रोग्याकडे काय पाहावे आणि कसे पाहावे हे शिकवणे, हा तिच्या शिकवणीचा गाभा. रोग्याला कसे वाटते, असे विचारल्यावर नुसते 'बरे आहे' म्हणणारी परिचारिका तिला चालत नसे. झोप किती झाली, अन्न किती गेले, अंगाचा रंग कसा आहे, हे नेमके सांगता आले पाहिजे. आणि नेमके सांगायचे तर स्मरणावर विसंबून चालत नाही. म्हणून वही.

पण ही वही परिचारिकेच्या हाती सुखासुखी आलेली नाही. लिंडा रिचर्ड्स ही अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित परिचारिका मानली जाते. बोस्टनमधील स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात शिकून ती १८७३ साली बाहेर पडली. तिने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. तिला शिकताना पाठ्यपुस्तक नव्हते आणि परीक्षाही नव्हती. एवढेच नव्हे, तर औषधांची नावे शिकाऊ परिचारिकांना कळू नयेत याची खबरदारी घेतली जाई. बाटल्यांवर नावांऐवजी नुसते आकडे असत! ज्या हातांनी औषध पाजायचे त्या हातांना ते कोणते औषध आहे हे कळता कामा नये. पुढे हीच बाई न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात रात्रपाळीवर गेली, आणि परिचारिकेने रोग्याची लेखी नोंद ठेवण्याची पद्धत पाडल्याचे श्रेय तिला दिले जाते. जिला बाटलीवरचे नाव वाचू दिले नव्हते, तिनेच लेखणी हाती घेतली.

येथे मला दाजींच्या प्रश्नाची गाठ सुटल्यासारखी वाटली. परिचारिकेच्या पिशवीत काय काय आहे, ही केवळ बाजाराची यादी नव्हे. तिला काय काय जाणण्याची परवानगी मिळाली, त्याची ती यादी आहे. पिशवी जसजशी जड होत गेली, तसतशी परिचारिकेच्या शब्दाला किंमत आली.

स्टेथोस्कोपचेच पाहा. पॅरिसच्या नेकर रुग्णालयातील लेनेक या डॉक्टरला १८१६ साली एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावण्याचा संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून तिच्यातून ऐकले. त्या कागदी नळीतून स्टेथोस्कोप जन्मला. दोन्ही कानांत घालायचे नळीचे यंत्र १८५० नंतर आले. इटलीत रिवा-रोची याने १८९६ साली दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत काढली आणि १९०५ साली रशियातील कोरोत्कॉफ याने त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप धरून कोणते आवाज ऐकावे हे सांगितले. ही दोन्ही साधने बराच काळ डॉक्टरांच्याच गळ्यात आणि डॉक्टरांच्याच हातात राहिली. आज प्रथम वर्षाच्या मुलीला ती विकत घ्यावी लागतात, याला मी खर्च म्हणणार नाही.

रबरी हातमोज्यांची गोष्ट तर एखाद्या कादंबरीत शोभावी अशी. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड नावाचे शस्त्रवैद्य होते. त्यांच्या शस्त्रक्रियागृहात कॅरोलाइन हॅम्प्टन ही परिचारिका काम करी. जंतुनाशक द्रावणात हात बुडवून बुडवून तिच्या कातडीला फोड येऊ लागले. काम सोडण्याची वेळ आली. तेव्हा १८८९-९० च्या हिवाळ्यात हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीला सांगून तिच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे करवून घेतले. १८९० साली त्या दोघांचे लग्न झाले, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल! आज साऱ्या जगातले रोगी ज्या हातमोज्यांमुळे जंतूंपासून बचावतात, ते मुळात एका परिचारिकेच्या हातांची काळजी म्हणून आले.

आणि बालवाचकांसाठी एक बाहुली. मार्था चेस ही अमेरिकन बाई मुलांसाठी कापडी बाहुल्या करीत असे. १९११ साली हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या परिचारिका-शाळेसाठी तिने माणसाएवढी मोठी बाहुली करून दिली. कूस कशी बदलावी, चादर कशी घालावी, हे शिकाऊ मुली त्या बाहुलीवर शिकू लागल्या. 'मिसेस चेस' हेच तिचे नाव पडले. चुका करायच्या त्या बाहुलीवर, माणसावर नव्हे, हा त्यातला धडा.

आपल्याकडे हे लोण केव्हा आले? मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून केवळ स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय उभे राहिले ते १८८६ साली. तेथे डॉक्टरही स्त्रियाच. एडिथ पीची या इंग्रज विदुषी त्यांच्या प्रमुख. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत या रुग्णालयात १८९१ साली शिकावयास आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून येते. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन काढले आणि तेथील स्त्रियांना, त्यांतील कित्येक विधवा, ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले. तो काळ डोळ्यांपुढे आणा. सोवळेओवळे कडक, परक्या माणसाचा स्पर्श, परजातीच्या रोग्याचे अंथरूण, रात्रीचे घराबाहेर राहणे, यांतले एकही समाजाला मान्य नव्हते. त्या बायांच्या पिशवीत पुस्तकाआधी धैर्य होते. तेव्हा 'नर्सच ना?' असे म्हणताना आपण कोणाविषयी बोलतो आहोत, याचा विचार करावा.

एक वस्तू भाचीच्या यादीत नव्हती, पण तिला ती लवकरच हाती धरावी लागली. आपल्याकडच्या परिचर्या महाविद्यालयांत नव्या मुलींचा दीपप्रज्वलनाचा समारंभ होतो. हातात ज्योत घेऊन त्या सेवेची शपथ घेतात. ही ज्योत नाइटिंगेलच्या दिव्याची आठवण. १८५४ च्या नोव्हेंबरात ती ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथे जखमी सैनिकांच्या शुश्रूषेला गेली आणि रात्री दिवा घेऊन हिंडे, ही कथा सर्वश्रुत आहे. चित्रांत तिच्या हाती बहुधा अल्लाउद्दीनच्या गोष्टीतला तोटीचा दिवा दाखवतात. प्रत्यक्षात तेथे वापरला जाई तो तुर्की पद्धतीचा कंदील. मेणवलेल्या कापडाचा, घड्या पडणारा, आत मेणबत्ती असलेला. म्हणजे वाचकहो, आपल्या दारातल्या आकाशकंदिलाचा तो लांबचा भाऊच म्हणायचा! हीच नाइटिंगेल पुढे भारतातील खेड्यांच्या आरोग्यासाठी लिहीत राहिली, पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार झाला. भारतात मात्र ती कधीच आली नाही.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी माझी आई आजारी होती. रुग्णालयात मी रात्री उशाशी बसलो होतो. आईला झोप लागलेली, मलाही हायसे वाटलेले. पहाटे तीनच्या सुमारास एक तरुण परिचारिका आली. तिने आईचे मनगट हाती घेतले आणि छातीवरच्या घड्याळाकडे पाहत उभी राहिली. बराच वेळ. मग वहीत काही लिहिले आणि लगबगीने डॉक्टरांना बोलावणे धाडले. न्यूमोनिया वाढला होता. वेळेवर उपाय झाला आणि आई त्यानंतर दोन दिवाळ्या आमच्यात होती. मी आजवर समजत होतो की त्या मुलीने आईची नाडी पाहिली.

या दिवाळीला भाची वसतिगृहातून घरी आली आहे. ओसरीवर बसून मी तिला ही हकीकत सांगितली. ती हसून म्हणाली, "मामा, त्या नाडी मोजत नसतील. निदान सगळा वेळ तरी नाही. श्वास मोजत असतील. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून हात मनगटावर तसाच ठेवायचा आणि नजर छातीकडे. आम्हाला हे पहिल्याच महिन्यात शिकवलं."

मी गप्प झालो. आजीला दोन दिवाळ्या कशाने मिळाल्या ते तिची नात मला सांगत होती. एक घड्याळ, एक वही आणि पाहण्याची शिकवण.

दाजी शेजारीच आकाशकंदिलाची वायर जोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने मात्र आपला हात लेकीपुढे करून म्हणाले, "बघ गं, माझी नाडी किती भरते ती."

तिने मनगट धरले, छातीवरचे घड्याळ पाहिले. पुरे एक मिनिट ओसरीवर कोणी बोलले नाही.