घराचा सौदा तोंडी ठरला, इसारही घेतला. आता जास्त पैसे देणारा आला तर काय करायचं?

समजा, मुदखेडमध्ये तुमचं वडिलांच्या नावावरून आलेलं घर आहे आणि नोकरीसाठी तुम्ही पुण्यात राहता. दिवाळीला गावी आलात तेव्हा गल्लीतल्या काकांनी चार माणसांत 22 लाखांचा आकडा सांगितला. तुम्ही "ठीक आहे, बघू" म्हणालात. चहा झाल्यावर त्यांनी इसार म्हणून 11 हजार रुपये हातावर ठेवले. पंधरा दिवसांनी नांदेडचं एक गिऱ्हाईक 25 लाख द्यायला तयार झालं.

काका म्हणतात, "सौदा झालाय." तुम्ही म्हणता, "कागद कुठंय?"

मग बरोबर कोण?

तोंडी सौद्याला किंमत असते का?

असते. पण तोंडी सौद्यानं घर विकलं जात नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 54 नुसार 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत खरेदीखत लागतं. नुसत्या विक्रीच्या करारानं खरेदीदाराला घरात मालकी हक्क मिळत नाही. म्हणजे रजिस्ट्री होईपर्यंत घर तुमचंच.

पण 'पुढे विकेन' हा करार आपल्याकडे तोंडीही होऊ शकतो. इंग्लंडमध्ये 1989 च्या कायद्यानुसार जमीन-घराचा असा करार लेखीच असावा लागतो. भारतात तशी सरसकट अट नाही.

1990 च्या 'ब्रिज मोहन विरुद्ध सुग्रा बेगम' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तोंडी करार होऊ शकतो, मात्र महत्त्वाच्या सगळ्या अटींवर दोघांचं एकमत झालं होतं हे दावा करणाऱ्यानं सिद्ध करावं लागतं. त्या प्रकरणात ते सिद्ध झालं नाही.

म्हणून प्रश्न असा असतो: किंमत, मुदत, पैसे कसे द्यायचे, हे सगळं ठरलं होतं का? की नुसतीच बोलणी सुरू होती?

'दुप्पट इसार परत केला की मोकळे', हे खरं आहे का?

हा बाजारातला समज आहे. करार सिद्ध झाला तर खरेदीदार 'ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या' असा दावा लावू शकतो. करारात दंडाची रक्कम लिहिली आहे, एवढ्यावरून हा दावा फेटाळला जात नाही. 2018 च्या दुरुस्तीनंतर असा आदेश न देण्याचं न्यायालयाचं स्वेच्छाधिकाराचं क्षेत्र कमी झालं आहे. मात्र आपण पैसे द्यायला कायम तयार होतो, हे खरेदीदाराला दाखवावं लागतं.

दाव्याची मुदत 3 वर्षं. खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. त्यामुळे वाद मिटवताना नकार लेखी देणं फायद्याचं.

रोख इसार घ्यावा का?

साधारणपणे घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. 2025 मध्ये 'आरबीएएनएमएस एज्युकेशनल इन्स्टिट्यूशन' प्रकरणात तर 75 लाख रोख दिल्याचा दावा होता. 2 लाख किंवा जास्त रोख दिल्याचा दावा कोर्टात आला तर आयकर विभागाला कळवा, असं सर्वोच्च न्यायालयानं तेव्हा सांगितलं.

मग नेमकं काय करायचं?

1. आधी घरात विचारा. वडिलोपार्जित घरात भाऊ-बहिणींचा वाटा असू शकतो. एकाच्या 'हो'मुळे बाकीचे बांधले जात नाहीत.

2. फक्त बोलणी असतील तर तसं लिहून कळवा. उदाहरणार्थ: "काका, आपली नुसती बोलणी झाली आहेत. सौदाचिठ्ठीवर सह्या होईपर्यंत व्यवहार पक्का नाही." व्हॉट्सॲप मेसेजही पुरावा ठरू शकतो. तो डिलीट करू नका.

3. सौदाचिठ्ठीत हे लिहा: किंमत, इसाराची रक्कम, खरेदीखताची शेवटची तारीख आणि कुणी माघार घेतली तर इसाराचं काय. चेक किंवा ऑनलाइन घ्या.

4. ताबा आधी देऊ नका. ताबा दिल्याचा उल्लेख असलेल्या करारावर महाराष्ट्रात खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागू शकतं.

5. सौदा मोडायचा असेल तर इसार बँकेतून परत करा आणि 'व्यवहार रद्द, रक्कम मिळाली, आता दावा नाही' असं दोघांच्या सहीनं लिहून घ्या. त्यानंतरच दुसऱ्याशी बोला.

6. समोरचा अडून बसला तर दुसऱ्याला खरेदीखत करून देण्याआधी वकिलाला भेटा. वाद लपवून विकलं तर दोन्ही गिऱ्हाइकं कोर्टात उभी राहू शकतात.

काकांच्या बाबतीत काय? "बघू" म्हणजे होकार नाही. पण त्यानंतर इसार म्हणून पैसे ठेवून घेतले, ही गोष्ट त्यांच्या बाजूनं जाते. चार साक्षीदार काय सांगतात, यावर बरंच ठरेल. म्हणून मन नसेल तर ते 11 हजार त्याच दिवशी परत करायचे.