गणपतराव आंदळकर : लाल मातीतून आशियाई सुवर्णापर्यंत

गणपतराव आंदळकर (१९३५–२०१८) हे १९६० सालचे हिंदकेसरी आणि आशियाई स्पर्धेत सर्वांत वजनदार गटाचे सुवर्णपदक पटकावणारे मराठी मल्ल होत. दोहा २००६ नंतर २०३० मध्ये पुन्हा आशियाई स्पर्धांचे यजमानपद भूषवणार आहे. त्या निमित्ताने कतारमधील मराठी वाचकांनी या नावाची उजळणी करायला हरकत नाही.

आजच्या सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातले पुनवत हे त्यांचे गाव. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांची कुस्ती घडली. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान तेव्हा ऐन भरात होते आणि पंजाबी व पाकिस्तानी मल्लांशी होणाऱ्या लढतींना अलोट गर्दी लोटत असे.

१९६२ च्या जकार्ता स्पर्धेत ते ९७ किलोंवरील गटात दोन्ही प्रकारांत उतरले. फ्रीस्टाइलमध्ये रौप्य आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण असा निकाल लागला. जाणकारांना यातले सुवर्णच अधिक नवलाचे वाटावे. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली पकड करता येत नाही, पायांचाही वापर निषिद्ध असतो. म्हणजे पट काढणे, टांग लावणे ही मातीतल्या मल्लाची हक्काची अस्त्रे तेथे निकामी ठरतात. उरते ते छातीचे, खांद्यांचे आणि मनगटांचे बळ. शिवाय पायांखाली माती नव्हे, मॅट. आणि चितपट होईपर्यंत झुंजण्याच्या सवयीला घड्याळाची वेसण. त्याच स्पर्धेत सांगलीच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनीही ९७ किलो गटात फ्रीस्टाइलचे सुवर्ण व ग्रीको-रोमनचे रौप्य मिळवले. दोन सर्वांत वजनदार गटांतील चार पदके एकाच जिल्ह्यातील दोन मल्लांकडे जावीत, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आंदळकरांनी दोन्ही प्रकारांत भारताचे प्रतिनिधित्व केले. तेथे पदक लाभले नाही. त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्काराचे ते मानकरी ठरले.

पुढची कित्येक वर्षे ते मोतीबाग तालमीतच वस्ताद म्हणून राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दादू चौगुले यांनी १९७० व १९७१ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरीपद मिळवले आणि १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. आंदळकरांचे १६ सप्टेंबर २०१८ रोजी निधन झाले.