एकच लाइन, किती जण?

तर मंडळी, आता आपण १९७८च्या शिकागोत जाऊ. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी तिथे फोनवरून चालणारा पहिला संगणकीय सूचनाफलक, ‘सीबीबीएस’, सुरू केला. घरच्या संगणकावरून फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा. पण लाइन एकच. म्हणजे एका वेळी एकच माणूस आत. बाकीच्यांना नुसता एंगेज टोन!

१९८१मध्ये हेज कंपनीचा स्मार्टमॉडेम आला. ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर, एवढं लिहिलं की मॉडेमच फोन लावी. पुढे प्रोकॉम, टेलिक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिता येऊ लागली. लाइन बिझी? थोडं थांब, परत लाव. जोडणी झाली? नाव विचारलं की नाव दे, पासवर्ड विचारला की पासवर्ड दे. माणूस तोवर जेवून घेई.

सोय झाली, यात वाद नाही. पण आपण विचारायला हवं, कोणाची? फलकाची लाइन तर वाढली नव्हती. न थकणाऱ्या यंत्रापुढे हाताने नंबर फिरवणारा मागेच पडणार. वाट पाहणं संपलं नाही, ते दुसऱ्याच्या वाट्याला गेलं. फलक चालवणारे प्रत्येकाला मिनिटं मोजून देत, ती या एका लाइनपायीच.

१९८४मध्ये टॉम जेनिंग्ज यांच्या फिडोनेटने हेच तंत्र वेगळ्या कामाला लावलं. रात्री, फोनचे दर कमी असताना, ठरलेल्या वेळी फलकांनीच एकमेकांना फोन करायचे आणि साऱ्यांचे निरोप पोचवायचे. फोन लावणारं यंत्र तेच होतं. पण इथे कोणी कधी थांबायचं, हे आधी ठरवून घेतलेलं होतं.