दप्तराबाहेरची कोंबडी

कोंबडें झांकून ठेवलें म्हणून उजाडावयाचें राहत नाहीं, ही म्हण आपणां सर्वांस पाठ आहे. परंतु ज्या घरांतून ती म्हटली जाते त्यांपैकीं किती घरांत झांकून ठेवण्याजोगें कोंबडें होतें, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. माझ्या घरीं तें कधींच नव्हतें. मनुस्मृतीनें पांचव्या अध्यायांत द्विजास ग्रामकुक्कुट वर्ज्य ठरविला. मौज अशी कीं, निषेध गांवच्या कोंबड्याचा आहे. रानकोंबड्याचें नांव तेथें नाहीं. उकिरडा उकरीत फिरणारें तें पांखरूं शुचिर्भूत माणसाच्या अंगणांत नको होतें; आणि लेखणी ज्यांच्या हातीं होती त्यांच्या अंगणांत जें नव्हतें, तें त्यांनीं लिहिलेल्या इतिहासांतहि फारसें आलें नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मार्कंड्याचीं देवळें पाहण्यासाठीं चामोर्शीकडे गेलों होतों. दुपारीं जवळच्या एका खेड्यांत पाणी मागितलें, त्या घरच्या अंगणांत डालग्याखालीं एक खुडूक कोंबडी बसली होती आणि बाकीच्या भाताचा कोंडा टिपीत होत्या. मास्तरकीच्या संवयीनें मीं घरच्या आजीबाईंस विचारलें, "किती कोंबड्या आहेत?" "कोंबड्या कोन मोजते जी?" त्यांनीं उलट मलाच विचारलें. मग थोड्या वेळानें आपण होऊन सांगूं लागल्या. नातवाचीं पुस्तकें एका कोंबड्यांत आलीं. सुनेच्या बाळंतपणांत दोन गेल्या. एक देवाला ठेवलेली आहे. आणि ती पलीकडची तलंग शेजारणीची, अर्धेलीनें पाळावयास घेतलेली. मोजदाद नव्हती, पण हिशेब चोख होता.

तो हिशेब मला पुढें पुष्कळ दिवस पुरला. चामोर्शीचा मुलूख भाताचा. भात वर्षांतून एकदां घरांत येतो. मोहफुलें वेंचावयाचीं चैत्रांत, तेंदूपानें तोडावयाचीं त्याच्या पाठोपाठ. मधले दिवस कोरडे. रोवणीच्या तोंडावर पोरास ताप भरला तर कोणी बैल विकीत नाहीं, आणि विकूं म्हटलें तरी बैलाचा चौथा हिस्सा विकतां येत नाहीं. कोंबडी हें गरिबाच्या घरचें सर्वांत लहान नाणें आहे, आणि तें बहुधा बाईच्या हातांत असतें. त्यास भांडवल जवळ जवळ लागत नाहीं: कोंडा, कणी, खरकटें, आणि पिलांसाठीं वारुळांतून खणून आणलेली वाळवी. गांवठी कोंबडी वर्षांतून तीनचार वेळां अंड्यांवर येते, दर खेपेस दहाबारा अंडीं घालते, आणि एकवीस दिवस रवणास बसते. निघालेल्या पिलांतलीं कांहीं घार नेते, कांहीं मुंगूस, कांहीं रानमांजर. उरतील तीं घरचीं. अर्धेलीच्या रीतीनें तर जिच्याजवळ एकहि कोंबडी नाहीं तिलाहि आरंभ करतां येतो: कोंबडी एकीची, राखण दुसरीची, पिलें निम्मीं निम्मीं. याला कागद लागत नाहीं, जामीनहि लागत नाहीं.

या पांखराचें कूळ रानांतलें. सर्व कोंबड्यांचा पूर्वज एकच, तांबडा रानकोंबडा, असा निर्णय डार्विननें आपल्या १८६८ च्या ग्रंथांत दिला. तो बव्हंशीं टिकला, पण पुरता नव्हे. कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण तांबड्या रानकोंबड्याकडून नव्हे, तर दक्षिण व पश्चिम भारतांत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला, असें २००८ सालीं दाखविण्यांत आलें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, खात्रीनें कोंबडीचीं म्हणतां येतील अशीं सर्वांत जुनीं हाडें मध्य थायलंडांतील बान नॉन वाट येथलीं ठरलीं. काळ इसवी सनापूर्वीं सुमारें १६५० ते १२५०. भात आणि भरड धान्य यांची शेती जसजशी पसरली तसतशी तिच्या मागोमाग कोंबडी माणसाळली, असें त्या संशोधकांचें म्हणणें. म्हणजे ती पूर्वेकडून आली आणि, बहुधा, आपल्या द्वीपकल्पाच्या रानांत तिनें नवी सोयरीक केली. तांबडा आणि करडा यांच्या प्रदेशांची शीव मध्य भारतांतून, गोदावरीच्या आसपास जाते. आणि चामोर्शीजवळून वाहणारी वैनगंगा प्राणहिता होऊन त्याच गोदावरीस मिळते. तेलुगूंत कोंबडीस 'कोडी' म्हणतात, गोंडींत 'कोर'. शब्दाचें नातें उघड आहे.

मात्र लेखांतून तिचा माग काढूं गेलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. कोणी तिच्यावर हात टाकला, किंवा कोणी तो हात अडविला, तेवढ्यापुरतीच ती दिसते. अशोकानें राज्याभिषेकास २६ वर्षें झाल्यावर कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत कोंबड्यास खच्ची करूं नये अशी आज्ञा आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांतील देवटेक येथें सांपडलेल्या शिळेवर प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा जुना ब्राह्मी लेख आहे, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्याचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्राशीं जोडला. कोंबडीचें नांव त्यांत नाहीं. तरी राजाज्ञेचा हात या रानापर्यंत पोंचला होता एवढें खरें. ती मानली किती गेली असेल, याविषयीं मला शंका आहे. कारण गोंडांच्या देवकार्यांत कोंबडीवांचून चालत नाहीं. पिलापुढें तांदळाचे दाणे टाकतात. त्यानें टिपले तर देवानें स्वीकारलें. अशोकाचें राज्य गेलें, ती रीत राहिली.

युरोपांत हा हात कायदेशीर होता. मध्ययुगीन जर्मनींत 'धुराची कोंबडी' नांवाचें देणें असे: ज्या घरांतून चुलीचा धूर निघेल त्यानें धन्यास सालीना एक कोंबडी द्यावी. इंग्लंडांतील कुळें नाताळांत कोंबड्या आणि ईस्टरला अंडीं पोंचवीत. परंतु जर्मन ग्रामनियमांत एक विलक्षण सवलत आढळते. घरची बाई बाळंतीण असेल तर कारभाऱ्यानें कोंबडीचें मुंडकें तेवढें घ्यावें आणि कोंबडी तिच्यासाठीं मागें ठेवावी. धन्याचा हक्कहि राहिला आणि बाळंतिणीचा रस्साहि.

आमच्याकडे असा कर नव्हता, म्हणून अशी सवलतहि नव्हती. नागपूरचें राज्य १८५३ सालीं खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला, आणि चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा लूसी-स्मिथ यांचा अहवाल १८६९ सालीं निघाला. सारा जमिनीवर, तो भरणार मालगुजार. त्या हिशेबांत कोंबडी करमुक्त! पण हिंवाळा आला कीं साहेबांचे तंबू जिल्ह्यांतून फिरूं लागत, आणि तंबूबरोबर रसद येई. लांकूड, दूध, अंडीं, कोंबड्या गांवानें पुरवावयाच्या. किंमत देण्याचा नियम होता. परंतु साहेबाच्या खिशापासून अंगणापर्यंत वाटेंत हात पुष्कळ असत. इंद्रावतीपलीकडील बस्तर संस्थानांत १९१० सालीं भूमकाल नांवाचा उठाव झाला, त्याच्या कारणांत राखीव जंगलांबरोबरच वेठ आणि अंमलदारांनीं फुकट उपटलेला माल हींहि होतीं. आमच्या पाठ्यपुस्तकांत जंगलाचें कारण येतें. ज्या मालाची तक्रार होती तो कोणाच्या खुराड्यांतून निघत होता, हा प्रश्न विद्यार्थ्यांस कोणी विचारीत नाहीं. मीहि तीस वर्षें विचारला नाहीं. १९५० च्या घटनेनें तेविसाव्या कलमांत वेठीस बंदी केली, १९५१ सालीं मालगुजारी गेली.

घरांतला हात मात्र कलमानें थांबत नाहीं. या बाजूस 'कोंबडा बाजार' म्हणतात तो विक्रीचा बाजार नव्हे. पायास काती बांधून कोंबडे झुंजवावयाचे आणि त्यांवर पैसे लावावयाचे, असा तो जुगार आहे. १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यानें अशा झुंजी गुन्हा ठरल्या, तरी पोलिसांच्या धाडींच्या बातम्या येतच असतात. बाईनें वर्षभर वाढविलेलें कोंबडें घरधनी एका दुपारीं हरून येतो, ही बातमी मात्र कोठें छापली जात नाहीं.

सगळ्यांत मोठा लुटारू या सर्वांहून वेगळा आहे. त्यास आपल्याकडे मानमोडी म्हणतात, पुस्तकांत राणीखेत. १९२६ च्या सुमारास जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें, आणि लगेच कुमाऊंतील राणीखेत येथें हा रोग ओळखला गेला. त्याची लस मुक्तेश्वरच्या संशोधनशाळेंत १९४० नंतरच्या दशकांतच तयार झाली. तरी आज ऐंशी वर्षांनीं मानमोडी खेड्यांतील अंगणें एका आठवड्यांत रिकामीं करते. लस महाग आहे म्हणून नव्हे. कुपी शंभर कोंबड्यांची, घरांत कोंबड्या दहा. ती थंड ठेवावी लागते, आणि फोडली कीं कांहीं तासांत संपवावी लागते. कारखानदारी कुक्कुटपालनास हें सोपें आहे. पुण्यास १९७१ सालीं व्यंकटेश्वरा हॅचरीज निघाल्यावर महाराष्ट्रांत तो धंदा फोंफावला, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याच फूटपट्टीनें आपण अंगणाकडे पाहूं लागलों. वर्षाला तीनशें अंडीं देणारीपुढें पन्नास देणारी आळशी ठरली, आणि योजनांतून वनराजा, गिरिराजा अशा सुधारलेल्या जाती वांटल्या गेल्या. त्या वजनदार आहेत, अंडींहि अधिक देतात. परंतु बहुधा खुडूक होत नाहींत, म्हणजे पुढची पिढी पुन्हा विकत आणावयाची. नाण्यास नाणें वितें, हा गांवठी कोंबडीचा गुण त्या तक्त्यांत मांडावयास रकानाच नाहीं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेंत देशांतील परसांतल्या कोंबड्या-बदकांची संख्या सुमारें ३१ कोटी ७० लाख भरली, सात वर्षांत जवळ जवळ ४६ टक्क्यांची वाढ. २००६ च्या फेब्रुवारींत नवापुरास देशांतला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हां भोंवतालच्या गांवांतील अंगणांतहि सरकारी माणसें पोंचलीं. तेव्हांहि कोंबडीची नोंद झाली ती मारण्यासाठींच. रोगाच्या दृष्टीनें तें आवश्यक होतें, याविषयीं माझा वाद नाहीं.

त्या आजीबाईंस मीं निघतांना लशीविषयीं विचारलें. त्यांच्या गल्लींतल्या बायकांनीं त्यावर तोड काढली होती. चामोर्शीहून बर्फाच्या डब्यांत एक कुपी आणवावयाची, पैसे वांटून घ्यावयाचे, आणि तांबडें फुटण्यापूर्वींच सगळ्यांनीं डालगीं न उचलतां थांबावयाचें. एकदां कोंबड्या सुटल्या कीं हातीं लागत नाहींत. मागल्या खेपेस एका घरानें डालगें आधींच उचललें होतें. त्या घरच्या बाईशीं आजीबाई अजून धड बोलत नव्हत्या.