गावाचे दुसरे पाणी

महापुराच्या बातम्या वाचताना आपल्या डोळ्यांसमोर पाणीच पाणी उभे राहते. पूल बुडालेले, घरांवरून वाहणारे, होड्यांनी माणसे काढावी लागणारे पाणी. पण पूर आलेल्या गावात दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा, इथे सर्वांत जास्त टंचाई कशाची आहे? उत्तर येते, प्यायच्या पाण्याची. ऐकायला विपरीत वाटते, पण कारण साधे आहे. शहराला पाणी उचलून देणारे पंप नदीकाठी असतात, म्हणजे गावातल्या सर्वांत सखल जागी. नदी वाढली की आधी तेच बुडतात. मोटारींत पाणी शिरते, वीज बंद करावी लागते आणि लाखो लोकांचे नळ एकाच वेळी कोरडे पडतात.

या गोष्टीला महाराष्ट्रात इतिहास आहे. तो धरणांच्या आणि योजनांच्या इतिहासात सहसा सांगितला जात नाही. आज तोच थोडक्यात सांगायचा आहे.

सुरुवात पुण्यापासून करू. १२ जुलै १९६१. मुठेच्या आंबी या उपनदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरे झालेले नसतानाच त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या नळाचे कामही अपुरे होते. त्यावरची माती खचू लागली तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण फुटले. तो लोंढा खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर आला आणि दुपारी ती भिंतही कोसळली. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा, वाडे, पूल यांचे त्या दिवशी काय झाले हे पुणेकरांनी खूप लिहिले आहे. पुढे चौकशी आयोग बसला. आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि त्यांच्या दुर्दैवी मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे ते काम आले.

मला सांगायचे आहे ते पूर ओसरल्यानंतरचे. पुण्याचे पिण्याचे पाणी खडकवासल्याच्या तलावातून कालव्याने येत असे. आता तलावच रिकामा झाला होता. कालवा होता, पण त्याच्या तोंडाशी पाणी नव्हते. घराघरांत चिखल साचलेला, भर पावसाळ्याचे दिवस, आणि शहराला नळाचे पाणी नाही! अशा वेळी लोक कुठे गेले? ते आपल्या आजोबांच्या पाण्याकडे गेले. वाड्यांतल्या आडांवरची झाकणे निघाली. वापरातून गेलेल्या विहिरी उपसल्या गेल्या, नव्या घाईघाईने खोदल्या गेल्या. नळ आल्यापासून ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, त्या आडांवर पुन्हा घागरींच्या रांगा लागल्या.

पुण्याजवळ हे दुसरे पाणी होते, कारण ते कोणीतरी करून ठेवले होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणले. वाटेत गाळ बसायला जागा, हवा सुटायला उच्छ्वास, आणि शहरात ठिकठिकाणी हौद. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, सात तोटी ही नावे पुणेकर आजही पत्ता सांगताना वापरतात. अनेकांना त्या नावातला हौद कधी पाहायला मिळालेला नाही, हा भाग वेगळा! या व्यवस्थेला ना पंप लागत होता ना वीज. पाणी उताराने येई आणि हौदात साठे. एका नळाला काही झाले तरी आड होते, आड आटला तर हौद होता, आणि दोन्ही नसले तर नदी होती.

ही हुशारी पुण्याचीच नव्हे. आजचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा खडकी होते. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबरने तेथे डोंगराच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी भूमिगत नहरीतून शहरात खेळवले. पुढे त्याच परंपरेतल्या एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली. लहान गावांत एवढे मोठे काम नव्हते. तिथे बारव होती, पाटलाची विहीर होती, आणि पखालीने घरोघर पाणी घालणारा भिस्ती होता. ‘भिस्ती’ या शब्दात ‘बिहिश्त’ आहे, म्हणजे स्वर्ग. तहानलेल्याला पाणी देणारा स्वर्गातला, असा त्याचा मान. आमच्याकडे मोहरममध्ये सबील लावतात, गावोगावी उन्हाळ्यात पाणपोई घालतात. त्यामागची समजूत एकच आहे. पाणी हे ज्याच्याकडे असेल त्याने पुढे करायचे असते.

पण जुन्या पाण्याचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. ते पाणी सर्वांचे नव्हते. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्याची इतिहासाने नोंद घेतली, कारण बाकीचे हौद बंद होते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. विहिरीच्या काठावरून दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी ज्यांच्या पूर्वजांनी प्यायले, त्यांच्यासमोर जुन्या विहिरींचे कौतुक जपूनच करायला हवे. नळ आला तेव्हा त्याने जात विचारली नाही. ही त्याची मोठी कामगिरी आहे.

दुसरे म्हणजे ते पाणी निर्मळही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाण्यात उतरतो, त्यातून नारू पसरत असे. ज्यांच्या पायातून नारूचा दोरा ओढून काढलेला आम्ही लहानपणी ऐकला, त्या पिढीला हे सांगावे लागत नाही. पायविहिरी बंद करून, पाणी गाळून, औषध टाकून हा रोग हटवला गेला आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. मुंबईत १८६०च्या सुमारास विहार तलावाचे पाणी नळाने आले, तरी शेकडो विहिरी वापरात होत्या. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मलेरियावर अहवाल दिला. मलेरियाचे डास या विहिरींत वाढतात असे त्यात दिसून आले, आणि विहिरी झाकण्याची, बुजवण्याची मोहीम सुरू झाली. लोकांनी विरोध केला, पण सरकारचा मुद्दा खोटा नव्हता. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही टिकून आहे. तशा फार थोड्या टिकल्या.

म्हणजे विहिरी बुजल्या त्या केवळ अडाणीपणाने नव्हे. रोगाला पळवण्यासाठी काही बुजल्या, नळाच्या सोयीने काही विसरल्या गेल्या, आणि पुढे जागेला भाव आला तेव्हा उरलेल्या इमारतींखाली गेल्या. या सगळ्यात आपल्याकडून एक गोष्ट निसटली. एकच नळ, एकच नदी, एकच पंपगृह यांवर अख्खे शहर टांगले गेले. नेहमीच्या दिवशी ही व्यवस्था जुन्या व्यवस्थेपेक्षा शंभर पटींनी चांगली आहे. वाईट दिवशी मात्र तिला पर्याय नाही.

असा वाईट दिवस पुरातच येतो असे नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराचे पाणी संपले. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने कृष्णेचे पाणी निघाले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. १२ एप्रिलला ती लातूरला पोचली. गाडीचे फोटो देशभर छापून आले. त्यात एक तपशील मागे पडला. रेल्वेतून उतरवलेले पाणी आधी साठवायचे कुठे? त्यासाठी स्थानकाजवळची एक मोठी विहीर उपयोगी पडली. साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून आलेल्या पाण्यालाही शेवटी टेकायला विहीरच लागली.

आणि मग आमची कृष्णा. २००५च्या पुरानंतर कृष्णाकाठ म्हणाला होता, असा पूर पुन्हा शंभर वर्षांत येणार नाही. चौदा वर्षांत आला. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. कोल्हापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि शहर टँकरवर आले. २०२१च्या जुलैत तेच पुन्हा घडले. पाणी ओसरल्यावरही नळ लगेच सुरू होत नाहीत. मोटारी बाहेर काढायच्या, सुकवायच्या, तपासायच्या, विजेचे पॅनेल बदलायचे, नळातला गढूळ गाळ काढून टाकायचा. यात दिवसामागून दिवस जातात.

२०१९च्या त्या आठवड्यात मी कृष्णाकाठीच होतो. आमचा मोहल्ला उंचावर असल्याने घरात पाणी आले नाही, पण नळ गेला. मशिदीच्या आवारात बोअर होती आणि कोणीतरी जनरेटर आणला. दिवसातून दोनदा तासभर मोटार चाले. रांगेत आमची माणसे होती, पलीकडच्या गल्लीतल्या मावश्या होत्या, खालच्या भागातून शाळेत आणून ठेवलेली कुटुंबे होती. घरटी दोन कळश्या असे ठरले, आणि शेजारच्या गल्लीतल्या बाळंतिणीला तीन. हे ठरवायला कोणाची सही लागली नाही. त्या गल्लीत पूर्वी एक बांधीव विहीर होती. दुचाकी लावायला जागा हवी म्हणून ती काही वर्षांपूर्वी बुजवली गेली. त्या आठवड्यात प्रत्येक जण त्या गाड्यांकडे बघून मनात काय म्हणत होता, ते मला ऐकू येत होते.

आता प्रश्न असा, की या इतिहासातून घ्यायचे काय? मागे जायचे नाही. नळच हवा, शुद्ध हवा, सर्वांना हवा. पण त्याच्या जोडीला गावाचे दुसरे पाणी जिवंत असले पाहिजे आणि ते आधीपासून तयार असले पाहिजे. पुण्यात १९६१ला आडांवरची झाकणे पूर आल्यानंतर काढली गेली. आपण ती आधी काढू शकतो.

पाणीपुरवठा पाहणाऱ्यांनी करायच्या गोष्टी अवघड नाहीत. जॅकवेलवरच्या मोटारी आणि विजेची यंत्रणा आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या रेषेच्या वर घेणे. जादा मोटारी आणि जनरेटर उंच जागी ठेवणे. वॉर्डातल्या चांगल्या विहिरी आणि बोअर यांची यादी करून दर वर्षी मे महिन्यात त्या उपसणे, पाणी तपासणे. कोणता वॉल्व्ह कुठे आहे हे एका जुन्या वॉलमनच्या डोक्यात न ठेवता कागदावर उतरवणे, कारण तो वॉलमनही पुरात अडकू शकतो.

आणि आपण? पावसाळ्याचा इशारा आला की घरातली स्वच्छ भांडी भरून झाकून ठेवावीत. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला तीन लिटर धरावेत, म्हणजे पाच जणांच्या घराला तीन दिवसांसाठी पंचेचाळीस लिटर. इतर वापराचे वेगळे. पुरानंतर नळाला आलेले पहिले पाणी पिऊ नये. ते गाळून, चांगली खळखळून उकळी आणूनच प्यावे. पूर शिरलेली विहीर उपसून घेतल्याशिवाय वापरू नये. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यालाही हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम या प्रमाणात ब्लीचिंग पावडर लागते आणि त्यानंतर तासभर थांबावे लागते. पाणी गढूळ असेल तर हे प्रमाण पुरत नाही. तेव्हा आरोग्यसेवकाला विचारावे. खेड्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हेच टीसीएल पावडरचे काम रोज करतो. त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आणखी एक गोष्ट कोणत्याही आराखड्यात नसते. दुसरे पाणी कोणाचे असेल? संकटात विहिरीच्या मालकाने फाटक लावले, किंवा रांगेत कोणी कोणाला ‘तू मागे उभा राहा’ म्हटले, तर आपण चवदार तळ्याच्या आधीच्या काळात जाऊन पडू. म्हणून ज्या विहिरी आणि बोअर संकटात वापरायच्या, त्या सर्वांसाठी खुल्या राहतील हे शांत दिवसांतच ठरवून, फलकावर लिहून ठेवले पाहिजे.

येत्या रविवारी एक छोटे काम करून पाहा. आपल्या गल्लीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, नळ नव्हता तेव्हा पाणी कुठून आणायचात? ते दाखवतील त्या जागी जा. तिथे विहीर असेल तर तिच्यात डोकावून पाहा, कचरा असेल तर नगरसेवकाला सांगा, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे ते विचारून घ्या.