जुन्या मोटारसायकलीचा दस्तूर

स्वातंत्र्यानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत महाराष्ट्रातील ज्या तरुणांनी पहिल्यांदा मोटारसायकलीवर मांड टाकली, त्यांतील कितीतरी जणांच्या वाट्याला आलेली गाडी दुसऱ्याच्या, क्वचित तिसऱ्याचौथ्याच्याही हातून उतरलेली होती. आणि अशा गाडीची पारख करण्याचा, तिचा सौदा ठरवण्याचा व ती चालती ठेवण्याचा एक रीतसर दस्तूर या काळात हळूहळू सिद्ध होत गेला. हा दस्तूर दारिद्र्यातून नव्हे, तर टंचाईतून जन्मला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९५१च्या उद्योग अधिनियमान्वये कोणी काय आणि किती उत्पादन करावे, याचा परवाना सरकारदरबारी मिळत असे. परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर निर्बंध होते. आणि स्कूटरची विक्री व वाटप तर १९६०पासून सरकारी आदेशाच्या अंमलाखाली होते. आकुर्डीच्या कारखान्यातील स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे पुण्यामुंबईत घरोघर होती, आणि अशा दिवसांत वापरलेल्या वाहनावर मूळ किमतीहून अधिक ‘ऑन’ मोजावा लागे. ज्याला मुदतीची वाट पाहणे शक्य नव्हते, तो साहजिकच जुन्या मोटारसायकलीकडे वळे.

या बाजारात प्रामुख्याने तीन घराणी वावरत होती. लष्कराच्या मागणीमुळे इंग्लंडहून आलेल्या बुलेटची जोडणी १९५५च्या सुमारास मद्रासमध्ये सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत तिचे सुटे भागही तेथेच घडू लागले. पोलंडमधील एसएचएल गाडीच्या धर्तीवरील राजदूत फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने साठीच्या दशकाच्या आरंभी आणली, आणि दूधवाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सर्वांना ती परवडली. तिसरे घराणे जावाचे. मुंबईत चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या आयात करून विकणाऱ्या इराणी कुटुंबातील रुस्तुम व फारोख इराणी यांनी, आयात बंद होताच, म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१मध्ये तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३नंतर त्याच गाड्या येझदी या नावाने विकल्या गेल्या व १९९६मध्ये कारखाना बंद पडला.

नवशिक्याच्या दृष्टीने या तिघींत जावा-येझदीची योजना मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. तिच्या डाव्या बाजूचा एकच दांडा आत दाबून वर फिरवला की किकचे काम करी आणि खाली आणला की गिअरचे. शिवाय पायाने गिअर बदलताना क्लच आपोआप सुटत असल्यामुळे हाताची सफाई साधण्यापूर्वीच माणूस गाडी रस्त्यावर नेऊ शके. बुलेट मात्र आपल्या स्वाराकडून शिस्तीची अपेक्षा करी. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. अँमीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसर दाबून, पिस्टन योग्य स्थानी नेल्यावरच किक मारायची, आणि हा क्रम चुकला तर उलटलेली किक घोट्याला जायबंदी करी.

खरेदीचा दस्तूर पाहिला की बैलबाजाराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दात पाहणारा, चाल पाहणारा जाणकार बरोबर घेतल्याशिवाय शेतकरी जसा बैलाला हात लावत नसे, तसा पहिली गाडी घेणारा मुलगा ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर घेतल्याशिवाय मालकाच्या दारी जात नसे. मिस्त्री आधी इंजिनावर तळहात ठेवी, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन पहिल्या किकेला सुरू होते आणि आपले दुखणे लपवते. थंड इंजिन मात्र खरी साक्ष देते. मग धुराचा रंग, सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेली काजळी, टॅपेटचा आवाज, समोरच्या चिमट्याचा खेळ, चेनचा ताण आणि स्प्रॉकेटच्या दात्यांची झीज. टू-स्ट्रोक गाडी तेल जाळते म्हणून थोडा धूर तिला क्षम्य. पण बुलेटच्या नळीतून निळा धूर निघाला की रिंगा गेल्या, बहुधा बोअरही करावे लागणार, असा निवाडा होई आणि त्या खर्चाइतकी रक्कम किमतीतून वजा होई.

यानंतर दप्तराची रुजुवात. चेसिसवर ठोकलेल्या आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली की आकड्यांची छाप उमटते. ती छाप आरसी बुकातील नोंदीशी ताडून पाहण्याची रीत आजही प्रादेशिक परिवहन कार्यालयात चालते. या बाबतीत जुन्या बाजाराने एक वाईट पायंडाही पाडला, तो लपवू नये. विकणाऱ्याने हस्तांतराच्या कोऱ्या अर्जावर सही करून द्यावी आणि घेणाऱ्याने तो अर्ज वर्षानुवर्षे पेटीत ठेवून गाडी पुढे विकावी, यामुळे कागदोपत्री मालक एक आणि कब्जा दुसऱ्याचा, अशी स्थिती सर्रास उत्पन्न होई. अपघात झाला की भरपाईचा दावा त्या नामधारी मालकाच्या दारी येई.

गाडी घरी आल्यावर खरे शिक्षण सुरू होई. लिटरभर पेट्रोलात चाळीसेक मिलिलिटर तेल मिसळायचे, सहा व्होल्टच्या बॅटरीत पाणी घालायचे, काँटॅक्ट पॉइंटमधील सुमारे ०.४ मिलिमीटरचे अंतर फीलर गेजच्या पातीने राखायचे, प्लग घासायचा, सायलेन्सर उतरवून काजळी जाळायची, ही कामे रविवारी सकाळी अंगणातच होत. जे घरी होत नसे त्यासाठी पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने आणि जुना बाजार, कोल्हापुरात उद्यमनगरातील लेथ. शेतीच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेल्या कारागिरांनी जे कौशल्य कमावले होते, तेच सिलिंडरच्या बोअरिंगला आणि बुश घडवण्याला कामी आले. आपल्याकडील जुन्या मोटारसायकली इतकी वर्षे जगल्या त्याचे मोठे श्रेय, माझ्या मते, या लेथवरच्या माणसांना आहे.

१९८४-८५मध्ये जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि टंचाई ओसरली. यामाहा आरएक्स १००मध्ये तेलाची टाकी वेगळी होती, त्यामुळे तेल मिसळण्याचा हिशेब संपला. पण प्रदूषणाचे निर्बंध कडक होत गेल्यावर तीही १९९६मध्ये बंद झाली, आणि आज तिलाच तरुण गिऱ्हाईक सर्वाधिक शोधत असते. जावा हे नाव २०१८मध्ये आणि येझदी २०२२मध्ये नव्या गाड्यांवर परत आले. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकांमुळे नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. तो केवळ कानाने जुळवणाऱ्या मिस्त्रीकडे शिकायला येणारी मुलेही त्याबरोबर कमी होत आहेत.

म्हणून पहिली गाडी जुनी घेऊ पाहणाऱ्या तरुण वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे काय, पर्यावरण कर भरला आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी पाहा. २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरून गाडी ताबडतोब स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि तिचे इंजिन प्रथम उघडले जाईल त्या दिवशी मिस्त्रीच्या शेजारी बसून तो काय करतो, का करतो, हे विचारून, त्याच्याच शब्दांत मराठीत लिहून ठेवा.